बॉन रेपीच्या छपराखालचं नाव

१

पोटमाळ्याच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि युलाली झेनॉन जागच्या जागी थबकली. नाकात सायप्रसचा वास शिरला होता. बॉन रेपी मळ्यावरच्या या घरातलं सगळं लाकूड सायप्रसचंच, पण ते दोनशे वर्षांचं जुनं. तसलं लाकूड आपणहून वास सोडत नाही, करवत चालली तरच सोडतं.

"ओक्टाव्ह, तू आज इथं काही कापलंस?"

"मी? छे, नॅनन! उद्या कमिटी यायची, आज कोण वेडा करवतीला हात लावेल?"

ओक्टाव्ह तिचा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याच्या वेळी तिनंच त्याला हातात धरलं होतं, तेव्हापासून ती त्याची नॅनन. उन्हाळाभर तो या घराचं छप्पर दुरुस्त करत होता, आणि छपराच्या एका तिरक्या दांड्यावरची काजळी खरवडताना त्यालाच ती अक्षरं दिसली होती. पटाशीनं कोरलेली तीन अक्षरं: 'ओ-ने-सि' वाचता येतील एवढीच. पुढचं कोरीवकाम दांड्याच्या टोकाबरोबर खांबाच्या खाचेत शिरलेलं. आत काय आहे ते कुणीच पाहिलेलं नव्हतं.

युलालीला मात्र पाहायची गरज नव्हती. तिच्या घरात ते नाव पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जात होतं. ओनेसिम. या मळ्यावरचा गुलाम, सुतारांचा म्होरक्या. हे घर त्यानं उभारलं, असं तिची आजी सांगे. पाहुण्यांना वाटायच्या माहितीपत्रकात मात्र छापलेलं असे की घर लावाल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदानं बांधलं.

सोमवारी सकाळी राज्याची वारसा कमिटी येऊन सगळ्यांसमक्ष तो सांधा उघडणार होती. आत नाव निघालं, तर घर वारसा म्हणून राखीव होणार होतं, आणि घरामागच्या उसात असलेली गुलामांची स्मशानभूमीही. नाही निघालं, तर धान्य कंपनी घर पाडून तिथं आपली कोठारं उभी करायला टपलेलीच होती.

ओक्टाव्हनं बॅटरीचा झोत वर टाकला आणि त्याच्या तोंडून शिवी निघाली.

दांड्याचं टोक गायब होतं. हातभर लाकूड सरळ कापून नेलेलं, खांबाच्या खाचेतली खुंटी ठोकून बाहेर काढलेली. खाली भुशाचा लहानसा ढीग.

"ओरडू नकोस," युलाली म्हणाली. ती शेरीफच्या कचेरीतून निवृत्त झालेली तपास अधिकारी होती. अंगातला संताप गिळून आधी बघायचं, ही सवय अजून गेली नव्हती. "तो काय आहे?"

कापलेल्या जागेखाली एक जाड लाकडी टेकू उभा केला होता. वर-खाली पाचरी मारून घट्ट बसवलेला, आणि जुन्या लाकडाला वळ पडू नये म्हणून मध्ये फडक्याची घडी घातलेली.

चोरानं चोरी करण्याआधी छपराला आधार दिला होता.

२

डेप्युटी लेज्यून आला तो तोंडातलं बूदँ चघळतच. रविवारची मेजवानी अर्धी टाकून यावं लागल्याचा राग त्या सॉसेजवर निघत होता. कधीकाळी युलालीच्या हाताखाली शिकलेला हा पोरगा आता पोट सुटलेला डेप्युटी झाला होता.

"सगळे कुठं होते, मिस युला?"

"मी आणि अर्धं गाव चर्चमध्ये. चोरी तेव्हाच झाली, सकाळी मी स्वतः वर येऊन गेले होते. घरात तिघं होती. घराच्या मालकीण मादाम ऑरेली, घर कंपनीला विकायला बसलेला त्यांचा भाचा तेरांस, आणि ते डॉक्टर हॉलोवे. पोटमाळ्याची किल्ली मागच्या ओसरीवर खिळ्याला टांगलेली असते. ती कुणालाही घेता येते."

"आणि ओक्टाव्ह?"

"मी फाटकावर होतो," ओक्टाव्ह मध्येच म्हणाला. "गाडी आडवी लावून. कंपनीवाले काहीतरी गडबड करणार, असं मला वाटतच होतं. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाची गाडी उघडून बघितली. तेरांससाहेब बाहेर निघाले तेव्हा त्यांचीही डिकी उघडायला लावली. मला काय काय बोलले ते चर्चच्या दिवशी सांगण्यासारखं नाही."

"म्हणजे तुकडा बाहेर गेलेला नाही," युलाली म्हणाली. "एका बाजूला बांध आणि नदी, बाकी तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांची ऊसतोड चाललीय. हातभर लाकूड घेऊन कुणी चालत गेला असता तर तोडकऱ्यांच्या नजरेतून सुटला नसता."

लेज्यूनच्या माणसांनी घराखालचे विटांचे खांब, कबुतरखाना, साखर उकळायच्या जुन्या काहिली, सगळं पालथं घातलं. काही सापडलं नाही. लेज्यून वर जाऊन टेकू बघून आला आणि रुमालानं मान पुसत म्हणाला, "तुम्हीच मला शिकवलंत, मिस युला. माणूस काय नेतो त्याहीपेक्षा काय मागे ठेवतो ते बघ."

"मग?"

"ज्याला हे घर पाडायचंय तो छपराला टेकू कशाला देईल? म्हणजे तेरांस नाही."

"बरोबर."

"टेकू देणं, पाचर मारणं, खुंटी न मोडता काढणं ही सुताराची कामं. वर पडलेली करवतही ओक्टाव्हचीच होती. असल्या तुकड्याला संग्रहालयवाले चांगले पैसे मोजतात. फाटकावर तो एकटा होता, म्हणजे तो तिथंच होता याला साक्षीदार कुणी नाही." लेज्यूननं नजर चुकवली. "उद्या कमिटी येईपर्यंत थांबतो. तुमच्यासाठी. त्यानंतर मला त्याला न्यावंच लागेल."

तिनंच घडवलेलं हत्यार तिच्याच पोरावर चाललं होतं.

३

मादाम ऑरेली बोशाँ समोरच्या ओसरीवर, झुलत्या खुर्चीत बसल्या होत्या. घराला चहूबाजूंनी वेढणारी ही ओसरी म्हणजे या घराचा रस्ता. आत बोळ नाही की जिना नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, नाहीतर ओसरीवरून. युलाली समोरच्या पायऱ्यांनी वर आली. मागच्या पायऱ्या या घरात तिच्या आजीनं पुरेशा झिजवल्या होत्या.

"युलाली, तुझं ते लाकूड मी चोरलं असं वाटतं का तुला?"

"तुम्ही मला मिस झेनॉन म्हणायचं ठरलं होतं, मादाम."

"विसरले. म्हातारी आहे मी." मादाम हसल्या. "मिस झेनॉन, मला हातात चमचा धरता येत नाही, करवत काय धरणार?"

"धरवून घेता येते."

"कुणाकडून? तेरांसकडून? त्याला खिळा ठोकायला सांगितला तर बोट ठोकून घेतो." त्यांनी ओसरीच्या निमुळत्या खांबावर हात फिरवला. "आजोबा म्हणायचे लावालनं बांधलं. आजोबा खोटं बोलायचे, पण इतक्या रुबाबात की लोक टोप्या काढून ऐकायचे. मला खरं कळलं तर चालेल. मात्र घर पडलेलं नको. या भिंतींत चिखल आणि ओकवरचं शेवाळ मळून भरलंय, माहीत आहे ना? वादळात आमच्या शेजाऱ्यांची पक्की घरं उडाली, हे नुसतं कण्हलं."

"तो चिखल कुणाच्या पायांनी मळला, तेही माहीत आहे मला."

 मादामनी नजर वळवली नाही, हे युलालीच्या लक्षात आलं.

तेरांस जेवणघरात मोबाइलवर बोलत होता. युलालीला पाहून त्यानं फोन ठेवला.

"माझं म्हणणं साधं आहे. ते लाकूड गेलं, बरं झालं. पण मी नाही नेलं. मी असतो तर शेकोटीत घातलं असतं, आणि छप्पर कोसळलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. कंपनीचा वकील तसंही तुमच्या तीन अक्षरांना भीक घालणार नव्हता."

"इतकं खरं बोलताना तुम्हाला आजवर पाहिलं नव्हतं."

"तुमच्या त्या पोराला विचारा. माझी डिकी उघडताना त्याचे हात थरथरत होते."

"रागानं," युलाली म्हणाली आणि बाहेर पडली. आता एकच माणूस उरला होता. या घरावर सगळ्यांत जास्त प्रेम करणारा.

४

डॉक्टर प्रेस्टन हॉलोवे आयुष्यभर लावालचा अभ्यास करत आले होते. तळमजल्यावरच्या एका खोलीत त्यांनी छोटं प्रदर्शन मांडलं होतं: हातानं ठोकलेले खिळे, बिजागऱ्या, भिंतीतल्या चिखलाचा कापून काढलेला चौकोन, लाकडाचे नमुने. प्रत्येकाखाली सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी, आणि प्रत्येक चिठ्ठीवर लावाल.

"या, मिस झेनॉन. फार वाईट झालं." त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. बुटांना ओसरीखालचा चिखल लागलेला होता, डोळे तारवटलेले. खोलीत जुन्या कागदांच्या वासात बूटपॉलिशचा वास मिसळला होता.

"तुम्ही सकाळी कुठं होता, डॉक्टर?"

"इथंच. उद्याच्या भाषणाची तयारी करत होतो. कमिटीसमोर मलाही बोलायचंय."

"काय बोलणार?"

त्यांच्या चेहऱ्यावर उत्साह आला. वर्गात उभ्या राहिलेल्या मास्तरासारखे ते बोलू लागले. "हेच, की त्या नावाला फार महत्त्व देऊ नका. लावाल न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावर उतरला अठराशे आठ साली, याचा पक्का पुरावा आहे. आता एखाद्या सुतारानं त्याच्या तीन वर्षं आधी एका दांड्यावर नाव कोरलं, तर त्यावरून काय सिद्ध होतं? जुन्या घराचं लाकूड नव्या घरात वापरायची पद्धतच होती. दांडा आधीचा असेल. घर लावालचंच."

"म्हणजे लाकूड जुनं, घर नवं."

"अगदी बरोबर! तुम्ही चटकन समजलात."

युलालीनं मान डोलावली. खोलीतल्या नमुन्यांवरून तिची नजर सावकाश फिरली. खिळे. बिजागऱ्या. फळ्यांचे तुकडे. भिंतीला टेकवून उभा केलेला एक जाड ठोकळा, त्याचं वरचं टोक बाकीच्या लाकडांपेक्षा जरा जास्तच काळं.

"तुमचे बूट पॉलिश करायला झालेत, डॉक्टर," ती उठत म्हणाली.

हॉलोवेंनी खाली पाहिलं, आणि त्यांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला.

५

ती बाहेर जाऊन ओसरीच्या पायरीवर बसली. तिला दम घ्यायचा नव्हता, लेज्यूनला बोलवायचं होतं. दोघं परत आत आली तेव्हा हॉलोवे भिंतीकडच्या त्या ठोकळ्यासमोर उभे होते, पाठ दाराकडे करून.

"बाजूला व्हा, डॉक्टर."

"हा नमुना फार नाजूक—"

"लेज्यून, नीट ऐक." युलालीचा आवाज शांत होता, पण लेज्यूननं टोपी काढून हातात घेतली. "सांधा कुणी उघडलेला नव्हता. आम्हाला तीन अक्षरं माहीत होती आणि आजीनं सांगितलेलं नाव. साल आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टर मात्र मला सांगतात, लावालच्या तीन वर्षं आधी कोरलेलं. तीन वर्षं कुठून आली?"

"मी अंदाजानं बोललो!"

"अंदाज करणारा माणूस 'आधी' म्हणतो, 'खूप आधी' म्हणतो. तुम्ही साल वाचून त्याचं उत्तर तयार करत होता. आणि ज्याचे बूट चिखलानं भरलेत त्यानं पॉलिशची डबी कशासाठी उघडली?"

ती वाकली. गुडघ्यातून कळ आली तशी दात आवळले आणि ठोकळा स्वतःच फिरवला. वरच्या टोकावरचं काळं बोटाला लागलं. नखानं खरवडलं तर खालून ताजं, मधाच्या रंगाचं लाकूड निघालं, आणि तोच वास. खाली चिठ्ठी लावलेली होती: 'सायप्रस, छपरातील नमुना. लावालचे काम.'

लेज्यूननं खाली वाकून ती चिठ्ठी पुन्हा वाचली.

भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या बाजूवर अक्षरं होती. ओनेसिम. आणि इतकी वर्षं खाचेच्या अंधारात असलेल्या जिभेवर, म्हणजे खाचेत बसण्यासाठी तासलेल्या टोकावर, जुन्या फ्रेंचमध्ये: 'मी उभारलं. १८०५.'

युलालीनं बोटांनी ती अक्षरं चाचपली. आजी असती तर, असं मनात आलं, पण ते तिनं तिथंच दाबलं. रडायचं असेल तर या माणसासमोर नाही.

हॉलोवे खुर्चीत कोसळले. "मला फक्त बघायचं होतं. कमिटीच्या आधी, एकट्यानं. खुंटी काढली, आत बॅटरी धरली... माझं अख्खं आयुष्य, मिस झेनॉन. जाळायला निघालो होतो. जमलं नाही. इतकं सुंदर काम आहे ते."

"आणि त्यापायी माझं पोरगं तुरुंगात जाणार होतं."

"मी तसं होऊ दिलं नसतं." ते पुढे झुकले, आवाज खाली आणला. "ऐका. हा तुकडा उसात सापडला म्हणून सांगू. आपण एकत्र कमिटीपुढे जाऊ. दोघांची नावं देऊ. आराखडा लावालचा, हात ओनेसिमचे. घर वाचेल, स्मशान वाचेल, सगळ्यांचा मान राहील. माझ्या शब्दाला तिथं वजन आहे. तुम्ही एकट्या गेलात तर कंपनीचा वकील म्हणेल तुकडा बनावट, कालच कोरलेला. कापून काढलेल्या लाकडाला आता कोण मानणार?"

त्यात तथ्य होतं, आणि ते युलालीला झोंबलं. लेज्यूननंही तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की घ्या, मिस युला, पदरात पडतंय ते घ्या.

"डोकं त्याचं, हात आमचे," ती हळू म्हणाली. "जन्मापासून हेच ऐकत आले. शाळेत, कचेरीत, या घराच्या पायऱ्यांवर. नाही, डॉक्टर. तीन वर्षांनी इथल्या धक्क्यावर उतरलेल्या माणसानं आराखडा काय पत्रानं पाठवला?"

"मग उद्या हराल."

"बघू की. आणि तुकडा कमिटीपुढे तुम्ही न्यायचा. समोरच्या पायऱ्यांनी. साल तुम्हीच वाचायचं, मोठ्यानं."

६

सोमवारी ओसरी माणसांनी भरून गेली. कमिटीची पाच माणसं, कंपनीचा वकील, मादाम झुलत्या खुर्चीत, आणि पायऱ्यांपासून ओकच्या सावलीपर्यंत युलालीच्या, इथल्या गुलामांच्या वंशज मंडळाची माणसं. कुणी उसाच्या कारखान्यावरून पाळी सोडून आलेलं, कुणी पोरांना शाळेतून उचलून आणलेलं.

हॉलोवे तो तुकडा छातीशी धरून पायऱ्या चढले, मागे लेज्यून. काय केलं ते त्यांनी सांगितलं. मग अक्षरं वाचली. सालापाशी त्यांचा आवाज फाटला, पण वाचलं.

वकील हसतच उठला. "फारच हृद्य. पण सभासदहो, जागेवरून कापलेलं लाकूड, चोरीची कबुली दिलेला साक्षीदार. ही अक्षरं गेल्या महिन्यात कोरलेली नाहीत कशावरून?"

 युलाली उठली. ती पहाटेपासून त्या तुकड्यासमोर बसली होती, आणि तिला हवं ते सापडलं होतं.

"खुंटीच्या भोकावरून," ती म्हणाली. "सांधा बसवला की खांब आणि दांडा मिळून आरपार भोक पाडतात आणि खुंटी ठोकतात. हे बघा जिभेवरचं भोक. ते कुठून गेलंय?"

अध्यक्ष असलेल्या उंच बाईंनी चष्मा लावला आणि तुकड्यावर वाकल्या. "आठाच्या आकड्यातून. अर्धा आठ भोकानं खाल्लाय."

"आकडा आधी कोरला, भोक नंतर पडलं. भोक पडल्यावर कुणी कोरलं असतं तर त्याला हवेत पटाशी चालवता आली नसती. आणि ज्या खांबात ते पुढे जातं तो खांब जमिनीपासून आढ्यापर्यंत एकच झाड आहे. वर चला. तुकडा खाचेत बसवा. दोन्ही भोकं जुळली नाहीत तर मी स्वतः या साहेबांना चाव्या देईन."

सगळे वर गेले. ओक्टाव्हनं तुकडा खाचेत सरकवला. अध्यक्षबाईंनी जुनी खुंटी हातात घेतली आणि भोकात ढकलली. ती ठोकायची वेळच आली नाही, आपली जागा ओळखल्यासारखी सरळ आत गेली.

"दांडा जुन्या घराचा असता तर?" वकिलानं एक शेवटचा प्रयत्न केला.

"मग खांबही, मग छप्परही, मग सगळं घरच अठराशे पाचचं," अध्यक्षबाई कोरडेपणानं म्हणाल्या. "आम्हाला तेवढंच हवं होतं."

खाली आल्यावर तेरांस आत्याच्या कानाशी काहीतरी कुजबुजला. मादामनी काठी फरशीवर आपटली. "नाही विकणार! माझ्या आजोबांचं खोटं मी वारशात घेतलं, ते तुला द्यायचं नाही मला." मग त्या वळल्या. "मिस झेनॉन, तुमच्या मंडळाशी बोलायचंय. उद्या नको, आत्ताच. मी फार दिवसांची नाही."

"मग इथं ओसरीवर बोलू," युलाली म्हणाली. "सगळ्यांसमोर."

हॉलोवेंना लेज्यून घेऊन गेला. जाताना त्यांनी एकदा मागे वळून छपराकडे पाहिलं. युलालीला त्यांची दया आली, आणि आली याचा रागही आला.

ख्रिसमसच्या आधी निकाल आला. घर राखीव झालं, मागची स्मशानभूमीही. मूळ तुकडा बैठकीच्या खोलीत, दारातून शिरताच दिसेल असा ठेवायचं मंडळानं ठरवलं. छपरात त्याच्या जागी नवा तुकडा बसवायचा होता. ओक्टाव्हनं पाण्यात बुडालेल्या जुन्या सायप्रसचा ओंडका मिळवला, तासला, जीभ काढली. बसवायच्या दिवशी युलाली पोटमाळ्यावर आली. ओक्टाव्ह पटाशी घेऊन थांबला होता.

"नॅनन, आपणही नाव घालू या का? आत, जिभेवर. त्याच्यासारखंच."

"त्याला लपवावं लागलं," युलाली म्हणाली. तिनं लाकूड स्वतःच्या हातानं फिरवून त्याची रुंद, उजेडाकडची बाजू वर केली. "तू बाहेरच्या अंगाला कोर. मोठं."